ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन गेममध्ये स्मिथिंग (धातूकामाचं कौशल्य) पटकन कसं वाढवायचं? ब्राँझचे खंजीर बनवून कंटाळा आलाय.

खंजीर आजच थांबवा. आधी डोरिकची क्वेस्ट (गेममधली मोहीम) करा. 6 माती, 4 तांबं आणि 2 लोखंडाची खनिजं नेऊन दिली की मायनिंग (खाणकामाचं कौशल्य) थेट लेव्हल 1 वरून 10 वर जातं. मग त्या मायनिंगच्या जोरावर ‘द नाइट्स स्वोर्ड’ ही क्वेस्ट घ्या. थर्गो बुटक्याला रेडबेरी पाय खाऊ घातला की तो बोलता होतो. ब्लूराइट हे खनिज आणायला बर्फाच्या गुहेत उतराल तेव्हा खायचं भरपूर ठेवा, तिथले योद्धे नवख्याला सहज लोळवतात. पण बक्षीस 12,725 अनुभव गुण (XP), म्हणजे स्मिथिंग एका झटक्यात 1 वरून 29! माझ्या मते फुकट खेळणाऱ्यासाठी याहून चांगली क्वेस्ट नाही.

पुढे लोखंड वितळवताना निम्मं वाया जातं, म्हणून ते वाया जाणं थांबवणारी रिंग ऑफ फोर्जिंग ही अंगठी घालाच. स्मिथिंग लेव्हल 30 ला पोलाद सुरू होतं: एका लोखंडाला दोन कोळसे. झोळीत जागा 28, म्हणजे 9 लोखंड, 18 कोळसा. भट्टी एजव्हिल गावातली धरा, बँक जवळच आहे. कोळसा मात्र स्वतःच खणा, नाहीतर तो विकत घेण्यातच सगळी नाणी जातील.