सेकंडहँड स्पोर्ट्स कारला डब्ल्यूऐवजी एच रेटिंगचे टायर टाकले तर चालतील का?

तुम्ही लिहिलंय की कंपनीने डब्ल्यू दिलेत (टायरवरचं हे अक्षर म्हणजे तो जास्तीत जास्त किती वेग सोसतो त्याचं रेटिंग: डब्ल्यू ताशी 270 किलोमीटर, एच 210), एच बरेच स्वस्त पडतायत आणि महाराष्ट्रात 120 च्या वर तसंही कुठे जाता येत नाही. माझं उत्तर: टाकू नका. हा वेगमर्यादेचा मुद्दा आमच्या साडूंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्याकडे बीएमडब्ल्यूची जुनी झेड-फोर आहे, ई-89 मॉडेल. टायरची साइज पुढे 225/40 आर18, मागे 255/35 आर18. मागची जोडी 2021 मध्ये बदलायला आली. त्याच सुमारास घरी बारसं होतं आणि पंगतीत साडूंनी विषय काढला. "एक्स्प्रेसवेला शंभरच्या पुढे काटा गेला की चलान येतं. 270 चे टायर घालून काय टेक-ऑफ घ्यायचाय का?" सगळे हसले, आमची बायकोसुद्धा. वर त्यांनी ओळखीचा टायरवालाही काढून दिला. "माझं नाव सांगा, रेट लावून देईल."

रेट खरंच चांगला होता. टायर पॉलिश मारून काळेभोर चकचकीत केलेले. साइज बरोबर, रेटिंग एच. तारीख विचारली तर म्हणाला, "फ्रेश माल आहे साहेब." बाहेरच्या बाजूला डॉट कोड (टायरवर उमटवलेला कारखान्याचा कोड) होता, पण टायर कधी बनला ते सांगणारे शेवटचे चार आकडे नव्हते. बऱ्याच टायरना ते एकाच बाजूला असतात. टायर फिरवायला लावला, मोबाइलची बॅटरी मारली, तर 1116. म्हणजे 2016 चा अकरावा आठवडा. तो टायर बालवाडीत घालायच्या वयाचा झाला होता. पॉलिश बोटाने पुसलं तर खोबणीच्या तळाशी केसासारख्या भेगा. मी तसाच परत आलो आणि साडूंचा दोन महिने अबोला.

असा माल का निघतो, तेही सांगतो. जून 2020 मध्ये सरकारने टायरची आयात परवान्याखाली आणली. 255/35 सारखे साइज आपल्याकडे मुळातच कमी खपतात, त्यात आयात आवळली, मग गोदामातले जुने तुकडे बाहेर आले. आजही अशा साइजला टायर घेताना आधी तारीख बघा, मग भाव विचारा.

आता रेटिंग. अक्षरं तुम्हाला पाठ असतील: एच 210, व्ही 240, डब्ल्यू 270, वाय 300. एच टायर 120 ला फुटणार नाही, साडूंचं एवढं बरोबर. पण रेटिंग म्हणजे मुळात टायर उष्णता किती सोसतो त्याचं माप. प्रत्येक फेरीत टायर रस्त्यावर दबतो, सुटतो, त्यातून तापतो. वरच्या रेटिंगच्या टायरमध्ये स्टीलच्या पट्ट्यांवर सहसा नायलॉनचं जास्तीचं आवरण असतं, बांधणी घट्ट असते. त्याचा फायदा 270 ला नाही, 90 ला खंडाळ्याच्या वळणावर अचानक ब्रेक दाबता तेव्हा कळतो. गाडीचं सस्पेन्शन त्या घट्टपणाच्या हिशोबाने बसवलेलं असतं.

शिवाय ही मापं नव्या, पुरती हवा भरलेल्या टायरवर ठरलेली. वैशाखात समृद्धीवर काँक्रीट तापलेलं, हवा पाच-सहा पाउंड कमी, चार माणसं, सामान आणि तासन् तास 120. इथे हातात थोडी शिल्लक असलेली बरी. शिल्लक म्हणजे उधळपट्टी, हे साडूंचं तत्त्वज्ञान. त्यांच्या स्विफ्टचे टायर किती सालचे आहेत, ते मी सगळ्यांसमोर विचारलेलं नाही. अजून.

मध्यंतरी त्यांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं की जर्मनीतसुद्धा कमी रेटिंगचे टायर चालतात. चालतात, पण हिवाळी टायर. त्यालाही ड्रायव्हरच्या नजरेसमोर वेगमर्यादेचं स्टिकर लावावं लागतं. पुण्यात बर्फ पडला की बघू.

लोड इंडेक्सही, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, कंपनीपेक्षा खाली घेऊ नका. 91 म्हणजे 615 किलो, 94 म्हणजे 670. आणि हा आकडा सगळ्या वेगांना सारखा लागू नसतो: व्ही टायर 210 पर्यंत पुरा भार घेतो, 240 ला 91 टक्केच. कागदावर जेमतेम पुरणारा टायर म्हणजे किती जेमतेम, ते यावरून बघा.

बाकी डब्ल्यू दिसला म्हणून डोळे झाकून घेऊ नका. पावसात पकड कशी आहे ते रेटिंग सांगत नाही, वाय लिहिलेले भंगार टायरही मिळतात. एका एक्सलवर दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच पॅटर्नचे हवेत. दोनच नवे घेणार असाल तर मागे टाका; पुढे-मागे साइज वेगळे असतील तर ही निवडच उरत नाही.

तुम्ही गाडी कुठली ते लिहिलंच नाहीत. माझ्यासारखी रनफ्लॅटवाली, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणाऱ्या टायरची, असेल तर स्टेपनी नसणार. साधे टायर टाकलेत तर चालवायला मऊ लागतील, पण पंक्चर झाल्यावर 80 च्या वेगाने साधारण 80 किलोमीटर काढायची सोय जाते. मग डिकीत पंप आणि पंक्चर किट ठेवा. मी महिनाभर थांबून डब्ल्यू रनफ्लॅटच घेतले, बिलावर चार आकडी तारीख लिहून घेऊन.