प्रवेशिका भरण्यापूर्वी

दांडिया बाजार, बडोदे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि दोन्ही एपिसोड मिळाले. रिअ‍ॅलिटी कार्यक्रमाच्या दिग्दर्शनाच्या पारितोषिकासाठी महाअंतिम सोहळा पाठवावा की ऑडिशनचा एपिसोड पाठवावा, असे तू विचारले आहेस. माझ्या मते ऑडिशनचा पाठवावा. पण त्यामागचे कारण पटल्याखेरीज तू माझे ऐकू नयेस, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

अशा कार्यक्रमाला दिग्दर्शक असतो, हे मान्य करायलाच या व्यवसायाला बराच काळ लागला. अमेरिकेतील दिग्दर्शकांच्या गिल्डने, म्हणजे संघटनेने, रिअ‍ॅलिटी कार्यक्रमांसाठी वेगळे पारितोषिक ठेवले ते २००५ सालच्या कामापासून. एमी या अमेरिकन दूरचित्रवाणी पुरस्कारांत रिअ‍ॅलिटी स्पर्धेचा गट २००३ मध्ये आला, परंतु रिअ‍ॅलिटी कार्यक्रमांच्या दिग्दर्शनाचा स्वतंत्र गट व्हायला २०१८ साल उजाडले; तोपर्यंत हे दिग्दर्शक माहितीपटांच्या दिग्दर्शकांबरोबर एकाच रांगेत बसत. संहिता नाही, नट नाहीत, मग दिग्दर्शन कशाचे केले, हा प्रश्न परीक्षकांच्या मनात अजूनही असतो, आणि तुझ्या प्रवेशिकेने उत्तर द्यायचे आहे ते याच प्रश्नाचे.

‘द अमेझिंग रेस’ हा जोड्यांच्या जगभरातील शर्यतीचा कार्यक्रम बघ. रिअ‍ॅलिटी स्पर्धेचा एमी त्याने २००३ पासून २००९ पर्यंत सलग सात वर्षे मिळवला, आणि त्याचे एक निर्माते बर्ट्रम व्हॅन मन्स्टर यांना २००७ च्या कामासाठी गिल्डचे पारितोषिकही मिळाले. तिथे प्रत्येक जोडीबरोबर एक कॅमेरामन आणि एक ध्वनिमुद्रक धावत असतो. दिग्दर्शक एकाच वेळी सगळ्या जोड्यांच्या शेजारी उभा राहूच शकत नाही. त्याचे दिग्दर्शन आधीच होऊन गेलेले असते: आव्हान कोणत्या चौकात ठेवायचे, तिथे उजेड कोणत्या बाजूने येईल, स्पर्धक चुकला तर कोणत्या गल्लीत शिरेल, हे सारे ठरवण्यात. २०२० मध्ये एका कॉलेजच्या चिअरलीडिंग संघावरील ‘चिअर’ या मालिकेसाठी तिचे दिग्दर्शक ग्रेग व्हाइटली यांना एमी मिळाला, तो ज्या एपिसोडसाठी, त्यातील अंतिम स्पर्धेच्या सादरीकरणाचे चित्रीकरण करण्याची परवानगी त्यांच्या पथकाला नव्हती. सबंध हंगाम ज्याकडे धावत होता तो क्षणच हाती नसताना तो एपिसोड उभा राहतो, याचे कारण मला तरी एकच दिसते: त्या मुलामुलींचे श्रम तोपर्यंत इतक्या जवळून दाखवलेले आहेत की मंचावर काय पणाला लागले आहे हे प्रेक्षकाला निराळे सांगावे लागत नाही.

आता तुझा महाअंतिम सोहळा. तो नीटनेटका आहे, कुठेही कट उशिरा पडलेला नाही. पण त्यातील प्रकाशयोजना फॉरमॅटच्या बायबलमधून, म्हणजे कार्यक्रमाच्या ठरलेल्या नियमपुस्तिकेतून, आलेली, निवेदन वाहिनीने लिहिलेले, आणि निकालापूर्वीची लांबवलेली शांतता तर दर हंगामात तेवढीच असते. तुझ्या जागी पीसीआरमध्ये, म्हणजे नियंत्रण कक्षात, दुसरा कोणी सराईत माणूस बसला असता तरी तो सोहळा असाच दिसला असता.

ऑडिशनच्या एपिसोडमध्ये मात्र पादरा गावच्या त्या मुलाच्या वेळी गाण्याचा ट्रॅक बंद पडला, तेव्हा तू परीक्षकांच्या चेहऱ्यांवर गेला नाहीस. मुलगा तसाच नाचत राहिला आणि तू दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या वडिलांच्या हातांवर गेलास, जे मांडीवर ताल धरत होते. टॉकबॅकवर, म्हणजे कानातल्या संपर्कयंत्रावर, त्या क्षणी तुला किती जणांनी ‘परीक्षक घे’ म्हणून सांगितले असेल, याची मला कल्पना आहे. तो निर्णय तुझा होता, आणि तो पडद्यावर दिसतो.

अशीच नजर मला तुझ्यात पहिल्यांदा नवरात्रात दिसली होती. गरब्याचे वर्तुळ बाहेरच्या कॅमेऱ्यातून उजवीकडे सरकते, आणि मधल्या मंचावरचा कॅमेरा घेतला की तेच वर्तुळ डावीकडे धावू लागते. बघणाऱ्याला नाचणारे अचानक मागे फिरल्यासारखे वाटतात. तू दोन्हींच्या मध्ये प्रत्येक वेळी जिमी जिबचा, म्हणजे लांब दांड्यावरच्या कॅमेऱ्याचा, वरून घेतलेला शॉट ठेवलास. हे तुला कोणी शिकवले नव्हते.

एक गोष्ट मी आजवर थोड्याच लोकांना सांगितली आहे. मुंबईत एका गायनस्पर्धेचे दिग्दर्शन करत असताना एक मुलगी बाद झाली, आणि तिच्या आईचा चेहरा अगदी कोरडा राहिला. संकलनात आम्ही त्याच आईचा सकाळच्या तालमीतला, मुलीचे गाणे ऐकताना भरून आलेला चेहरा निकालाखाली लावला. मी तो कट पाहिला आणि मान्य केला. एपिसोड नावाजला गेला, पारितोषिकासाठीही आम्ही तोच पाठवला, आणि तो पहिल्या काहींमध्ये आला. पुढे त्या बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या. ‘मी तेव्हा रडले नव्हते हो, तिच्यासमोर रडायचे नाही असे मी ठरवून आले होते,’ एवढेच त्या म्हणाल्या. त्या कोरड्या चेहऱ्यात केवढा निग्रह होता आणि मी तो पुसून टाकला, हे मला तेव्हा कळले. तो चेहरा तसाच दाखवला असता तर एपिसोड अधिक चांगला झाला असता, असे मला आजही वाटते.

म्हणून तुझ्या ऑडिशनच्या एपिसोडमधील एका जागेबद्दल विचारते. तिसऱ्या सादरीकरणानंतर परीक्षकबाई डोळे टिपताना दिसतात, पण त्यांच्या समोरचा पाण्याचा पेला त्या शॉटमध्ये भरलेला आहे आणि आधीच्या व नंतरच्या शॉटमध्ये अर्धा. ती प्रतिक्रिया त्या वेळची नसेल तर प्रवेशिका पाठवण्यापूर्वी काढून टाक. स्पर्धेच्या नियमांनुसार प्रसारित आवृत्तीच द्यावी लागत असेल तर दुसरा एपिसोड निवड, मग वडिलांचे हात त्यात नसले तरी चालेल. हे लिहिताना मला वाईट वाटते आहे, कारण ते हात परीक्षकांनी पाहावेत अशी माझी फार इच्छा आहे.

दिग्दर्शकाचे टिपण मागितले असेल तर ते एका पानात लिही. ‘भावनांचा प्रवास’ वगैरे शब्द त्यात नकोत. कोणत्या मिनिटाला काय घडले, तुझ्यासमोर कोणते कॅमेरे होते, तू कोणता घेतलास आणि का, एवढेच येऊ दे. वडिलांचे हात आधी कॅमेरामनला दिसले की तुला, हे आठवून लिही. त्याला दिसले असतील तर त्याचे नाव त्या वाक्यातच घाल.

रविवारी सकाळी सगळ्या कॅमेऱ्यांची स्वतंत्र रेकॉर्डिंग घेऊन ये. त्या तिसऱ्या सादरीकरणाचा टाइमकोड, म्हणजे चित्रणावर नोंदलेली वेळ, आपण दोघे मिळून तपासू. आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी