मशीनवर बसतं कोण, त्यावर सगळं अडलंय

प्रश्न : विट्यात माझं लग्नपत्रिका, पॅकिंग बॉक्स आणि फ्लेक्सच्या डिझाइनचं छोटं काम आहे. चौदा महिन्यांपूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून ४६,००० रुपयांना रिफर्बिश्ड (जुनं, दुरुस्त करून विकलेलं) वर्कस्टेशन, म्हणजे जड कामाचा कॉम्प्युटर, घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपवर दुकानदाराने ५ जीबीचं क्वाड्रो पी२००० ग्राफिक कार्ड असल्याचं लिहिलं होतं. मोठी फाइल उघडली की मशीन अडायचं, म्हणून तीन आठवड्यांनी इथल्या इंजिनिअरकडून उघडून घेतलं, तर आत २ जीबीचं पी६२० निघालं. बिलावर फक्त ‘रिफर्बिश्ड पीसी, १ नग’ आणि खाली ‘जुन्या मालाला गॅरंटी नाही’ एवढंच. बिल फर्मच्या नावावर, जीएसटी नंबर घालून. दुकानदार आधी ‘पाठवून द्या, बघतो’ म्हणायचा, आता फोन उचलत नाही. त्याने भरून दिलेली कोरल आणि फोटोशॉप ही डिझाइनची सॉफ्टवेअरही आता चालत नाहीत. ग्राहक न्यायालयात जाता येईल का? कामाला एक मुलगा आहे, मशीनवर बहुतेक वेळ तोच बसतो.

उत्तर : ताई, तुम्हाला फसवलं की नाही याची चर्चा मी करत नाही. सांगितलेलं कार्ड एक आणि आत निघालेलं दुसरं, यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. फोटोग्राफर, डीटीपीवाले, इंटिरिअरची कामं करणारे, सगळ्यांची अशीच पत्रं येतात आणि प्रत्येकात प्रोसेसरपासून पंख्याच्या आवाजापर्यंत मशीनचं साग्रसंगीत वर्णन असतं. तुमचा निकाल ज्यावर लागणार आहे ते वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. मशीनवर बहुतेक वेळ मुलगा बसतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(७) मध्ये ‘ग्राहक’ कोण ते सांगितलंय. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा त्यातून वगळला आहे. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात एक दार उघडं ठेवलंय: स्वयंरोजगारातून, केवळ स्वतःचा उदरनिर्वाह चालवण्यासाठी वस्तू विकत घेऊन स्वतः वापरली असेल, तर तो व्यापारी हेतू धरला जात नाही. दुकानदाराचा वकील पहिला हल्ला इथेच करणार. बिल फर्मच्या नावावर, जीएसटी नंबर, म्हणजे हा धंदा, तक्रार फेटाळा. त्या बिलाला मी फार घाबरत नाही. व्यापारी हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी आधी समोरच्या पक्षावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. त्याने ते दाखवलं, तर मात्र आपण त्या स्पष्टीकरणात बसतो हे दाखवणं तुमच्यावर येतं.

आणि तिथे मुलगा आडवा येतो. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने टाइपरायटर, रिक्षा, लेथ मशीन अशी उदाहरणं दिली आहेत. पोटासाठी रिक्षा घेऊन स्वतः चालवणारा ग्राहक. मदतीला एक-दोन माणसं घेतली तरी तो ग्राहकच राहतो. पण रिक्षा किंवा मशीन घेऊन ते पूर्णपणे दुसऱ्याच्याच हाती चालवायला दिलं, तर ग्राहक नाही. तुमचं ‘बहुतेक वेळ’ या दोहोंच्या मध्ये पडतं. तो मुलगा तुमच्या सांगण्यावरून सेटिंग करतो, नावं भरतो, प्रूफ काढतो आणि डिझाइन तुमचं असतं, तर तो मदतनीस. तुम्ही फक्त ऑर्डरी घेता, हिशेब बघता आणि डिझाइनही तोच करतो, तर उत्तर वेगळं येईल. २०१८ च्या पॅरामाउंट डिजिटल कलर लॅबच्या प्रकरणात फोटो छपाईचं मशीन घेणाऱ्या, भागीदारी फर्म असलेल्या बेरोजगार पदवीधरांनाही न्यायालयाने ग्राहक मानलं होतं, त्यामुळे नुसत्या फर्ममुळे तुम्ही बाहेर पडत नाही.

यातलं खरं काय, ते तुम्हालाच माहीत. खरं असेल तेच लिहा. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र जातं, आणि मुलाचा पगार तुमच्या हिशेबात दिसत असेल तर तो समोरच्यालाही दिसेल. मात्र डिझाइन तुम्ही स्वतः करत असाल, तर तक्रारीच्या पहिल्याच पानावर ‘स्वयंरोजगार’ आणि ‘उदरनिर्वाह’ हे शब्द स्पष्ट आले पाहिजेत. तुमच्या हातच्या फाइली, ग्राहकांशी डिझाइनबद्दल झालेलं तुमचं बोलणं, दुसरं उत्पन्न नसेल तर तेही जोडा. हे तक्रारीत न लिहिता नंतर युक्तिवादात आठवणारे पक्षकार मी बरेच पाहिलेत. तोवर वेळ गेलेली असते.

आता तुमच्या निष्काळजीपणाबद्दल. तीन आठवड्यांत दोष कळला होता. बिलात मुदत नसेल तर तीस दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, ही याच कायद्याच्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुम्हाला मुदतीत एक मेसेज टाकायचा होता: कार्ड वेगळं आहे, मशीन परत घ्या. त्याऐवजी तेरा महिने फोन केले. फोनचा पुरावा काय देणार? शिवाय माल इतका काळ वापरला की वस्तू विक्री अधिनियम १९३० नुसार तो स्वीकारल्यासारखाच होतो. म्हणून पूर्ण ४६,००० परत मिळतील अशा आशेवर राहू नका. दोन कार्डांच्या किमतीतला फरक, बदलण्याचा खर्च आणि मनस्तापाची काही रक्कम, एवढं मिळालं तरी मी चांगला निकाल म्हणेन. ‘गॅरंटी नाही’ ही ओळ मला तितकी अडचणीची वाटत नाही. जुनी वस्तू लवकर बिघडली तर त्या ओळीचा दुकानदाराला थोडाफार आधार मिळेल, पण सांगितली त्यापेक्षा वेगळीच वस्तू देण्याची मुभा तिच्यातून मिळत नाही. त्यासाठी ती व्हॉट्सअ‍ॅपची चॅट हवी. ती तरी पुसली नसेल, अशी आशा करतो. फोन बदलायचा असेल तर आधी चॅट एक्सपोर्ट करा.

मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे (कलम ६९). ‘बघतो, करतो’ असं दुकानदाराने म्हटल्याने ती वाढते असं समजू नका. आधी स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, पंधरा दिवस द्या आणि थांबू नका. तुम्ही राहता तिथेच, म्हणजे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात (तुम्ही म्हणता ते ग्राहक न्यायालय) तक्रार करता येते, मुंबईला खेटे नकोत. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, वस्तूची तपासणी लागली तर पाच. कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, सदस्यांची पदं रिकामी असली की आणखी पडतात. दोन-तीन वर्षांची तयारी ठेवा, किंवा नोटिशीनंतर दुकानदार काही देऊ करत असेल तर मान ताठ न ठेवता विचार करा.

तुम्ही स्पष्टीकरणात बसतच नसाल, तर दिवाणी दावा उरतो. मुदत साधारण तीन वर्षं, पण एवढ्या रकमेसाठी तो करा असं मी सहसा सांगत नाही.

कोरल-फोटोशॉपचा मुद्दा तक्रारीत मागणी म्हणून घालू नका. ती भरून दिलेली सॉफ्टवेअर परवान्याची नव्हती हे तुम्हालाही ठाऊक असणार. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती वापरणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली गुन्हा आहे, त्यात कैदही आहे, आणि कमाईसाठी वापर असेल तर सौम्य शिक्षेची सवलत मिळत नाही. दुकानदाराने दिलेलं मशीन तपासायला लावताना त्याच मशीनवर आपण काय वापरतो ते आधी बघावं. ती वापरणं आजच थांबवा, परवान्याची घ्या, आणि पुढे विचारलं तर खोटं बोलू नका.

आणि ते पी६२० विकू नका. काम अडतं म्हणून नवं कार्ड टाकायचंच असेल, तर जुनं काढताना त्याच्या सिरीयल नंबरसह व्हिडिओ घ्या, इंजिनिअरकडून सहीनिशी दोन ओळी लिहून घ्या आणि कार्ड पाकिटात बंद करून ठेवा. आयोगाने तपासणीला मागवलं तर तेच पाठवावं लागेल.