वाचकांचे प्रश्न : सिलिकॉनच्या रिंगला प्रकाशाने सूर लावता येतो का?

प्रश्न : ताई, मी मिरजेचा, इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारला सिलिकॉन फोटॉनिक्स, म्हणजे सिलिकॉनच्या चिपवर प्रकाश खेळवायचं तंत्र, घेतलंय. पुस्तकात आहे की रिंग रेझोनेटर (प्रकाश गोल फिरवणारी सिलिकॉनची बारीक कडी) हीटरने ट्यून करतात, म्हणजे ठरावीक तरंगलांबीवर आणतात, पण एका पेपरात चक्क प्रकाशानेच ट्यून केलीय. १५५० नॅनोमीटरला सिलिकॉन पारदर्शक असतं ना, मग त्याच्यावर प्रकाशाचा परिणाम होईलच कसा? आणि हे हीटरपेक्षा फास्ट का?

उत्तर : मिरजेचा आहेस म्हणजे तंबोरा जुळवताना पाहिलाच असशील. आधी खुंटी पिळून तार सुराच्या जवळ आणतात, मग घोडीच्या खालच्या बाजूला तारेत ओवलेला मणी किंचित सरकवून सूर नेमका बसवतात. रिंगचं असंच आहे. शेजारच्या वेव्हगाइडमधून (प्रकाश वाहून नेणारी सिलिकॉनची बारीक पट्टी) जाणाऱ्या प्रकाशातली जी तरंगलांबी रिंगच्या परिघात पूर्ण आकड्यात बसते तेवढीच ती खेचून घेते, बाकीचा सरळ पुढे. आता बनवताना रुंदीत १ नॅनोमीटरचा फरक पडला तरी हा रेझोनन्स, म्हणजे रिंगमध्ये बसणारी तरंगलांबी, साधारण १ नॅनोमीटरने हलतो आणि तापमान १ अंशाने बदललं तरी ०.०७ ते ०.०८ नॅनोमीटरने, म्हणून ट्यूनिंगशिवाय गत्यंतरच नाही.

तुझी शंका एकदम बरोबर आहे. १५५०च्या फोटॉनची ऊर्जा ०.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट, सिलिकॉनचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, १.१२, त्यामुळे एकटा फोटॉन शोषला जात नाही. पण रिंगमध्ये प्रकाश गोल गोल फिरून साठत जातो, तीव्रता इतकी वाढते की दोन फोटॉन एकदम शोषले जातात, दोघांचे मिळून १.६, आणि इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, अशी जोडी मोकळी होते. हे मोकळे इलेक्ट्रॉन-होल, म्हणजेच कॅरिअर, वाढले की सिलिकॉनचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (प्रकाश त्यात किती मंदावतो त्याचा आकडा) कमी होतो, किती कमी होतो त्याचा हिशोब सोरेफ आणि बेनेट यांनी १९८७ मध्येच मांडला होता. बदल असतो चिमूटभर, धर ०.०००५, पण ढोबळ गणित कर, १५५० गुणिले ०.०००५ भागिले ग्रुप इंडेक्स (प्रकाशाच्या पल्सला लागू होणारा इंडेक्स) ४, म्हणजे जवळजवळ ०.२ नॅनोमीटर, आणि धारदार रेझोनन्सला एवढं सरकणं पुष्कळ झालं.

सेमिनारमध्ये कॉर्नेल विद्यापीठातला मिशेल लिपसन यांच्या ग्रुपचा २००४चा प्रयोग नक्की घे. १० मायक्रोमीटर व्यासाची रिंग, २५ पिकोज्यूलचा पंप पल्स (कॅरिअर तयार करणारा प्रकाशाचा क्षणिक झोत), आणि दुसऱ्या प्रकाशाचं ट्रान्समिशन ५०० पिकोसेकंदांच्या आत ९४ टक्क्यांपर्यंत बदललं. सिलिकॉनमध्ये प्रकाशाने प्रकाश वळवणं अवघड मानलं जायचं तेव्हा एवढ्याशा रिंगने हे करून दाखवलं, मला ते अजूनही फार मोठं वाटतं.

आता वेगाचं. हीटरची उष्णता रिंगभोवतीच्या ऑक्साइडच्या थरातून झिरपत रिंगपर्यंत जाते आणि तशीच हळूहळू निघते, त्यात मायक्रोसेकंद जातात. प्रकाशाने कॅरिअर मात्र पल्स असेपर्यंतच तयार होतात, म्हणजे काही पिकोसेकंदांत काम झालं. सगळे इथेच थांबतात आणि तीच चूक आहे, कारण खरा वेळ लागतो परत यायला! कॅरिअर पुन्हा जुळून नाहीसे होईपर्यंत रिंग मूळ सुरावर येत नाही आणि त्याला काहीशे पिकोसेकंद लागतात, तेही वेव्हगाइड इतकं बारीक असल्यामुळे कॅरिअर लगेच पृष्ठभागावर पोचतात म्हणून, जाड सिलिकॉनमध्ये ते कितीतरी जास्त रेंगाळतात. घाई असेल तर रिंगच्या दोन्ही बाजूंना पी-आय-एन डायोड करून रिव्हर्स बायस, म्हणजे उलटा व्होल्टेज, देतात, त्याचं विद्युत फील्ड कॅरिअरना ओढून बाहेर काढतं.

अजून एक, हे परीक्षक हमखास विचारतात. कॅरिअरमुळे रेझोनन्स कमी तरंगलांबीकडे सरकतो आणि उष्णतेमुळे जास्त तरंगलांबीकडे. पंप जोरात आणि सतत दिला तर शोषलेल्या ऊर्जेने रिंग तापते आणि दोघांची ओढाताण सुरू होते.

प्रश्न : मग हीटर जाणार का? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : नाही, निदान मला तरी तसं वाटत नाही. कॅरिअर नॅनोसेकंदही टिकत नाहीत, सूर धरून ठेवायचा तर प्रकाश सतत ओतावा लागेल, शिवाय तेच कॅरिअर सिग्नलही थोडा खातात. खुंटीचं काम हीटरकडेच राहू दे, प्रकाश हा मणी आहे, क्षणात सरकणारा.