बहिणीचे दात हलतात, डॉक्टर काढा म्हणतात, हाड परत भरतं का?

दादा, तुमची बहीण २१ वर्षांची, दाढा आणि पुढचे दात हलायलेत, एका डॉक्टरनी काढून इम्प्लांट (हाडात रोवलेला कृत्रिम दात) बसवा म्हणून सांगितलं, अन् तुम्ही विचारलंय की ऑपरेशननं हाड परत भरतं का. भरतं, पण सगळीकडं नाही. हिरडीतले खड्डे (दात अन् हिरडीमधली पोकळी) मोजल्याशिवाय एकही दात काढू देऊ नका, हात जोडून सांगते, मी स्वतः यातून गेलेय.

मी सेलूची. २३ व्या वर्षी माझी खालची दाढ हलायली, पुढच्या दातांत फट पडली, अन् दातावर कीटण तर फारसं नव्हतंच. घरचे म्हणायचे ब्रश नीट करत नाहीस. तसं नसतं हो, पहिल्या दाढा अन् पुढचे दात धरून हाड झपाट्यानं खाणारा हिरडीच्या आजाराचा (पेरिओडोंटायटिस) एक प्रकार असतो, घराण्यात पण चालतो, म्हणून तुमच्या हिरड्या पण दाखवून घ्या.

संभाजीनगरच्या सरकारी डेंटल कॉलेजात गेले. मॅडम खुणांची बारीक सळई हिरडीत घालून आकडे बोलायच्या, ज्युनियर लिहायची, "तीन, तीन, नऊ". निरोगी हिरडीत ३ मिलिमीटरपर्यंतच असतं, तो नऊ ऐकून मला रडूच आलं. पण लगेच ऑपरेशन नाही केलं, आधी मुळापर्यंत सफाई, सोबत अँटिबायोटिक (मनानं घेऊ नका), मग तीन महिन्यांनी परत मोजलं तर बरेच खड्डे नुसत्या सफाईनंच कमी झाले होते. साफ केल्यानं दात ढिले होतात हे लोक म्हणतात ते खोटंय, सूज उतरते म्हणून फटी दिसतात.

उरलेल्या दाढेचं ऑपरेशन. बांध असलेल्या वावरात माती टिकते अन् उघड्या माळावरची वाहून जाते ना, तसंच हाडाचं, खड्ड्याला दोन-तीन बाजूंनी हाडाची भिंत उभी असेल तर आत भर धरते, सगळं हाड सरसकट खाली गेलं असेल तर कशाला धरणार. भूल देऊन हिरडी उघडली, हाडाची पावडर भरली, वरून पातळ पडदा लावला, कारण हिरडीची कातडी भराभर वाढते अन् हाड हळू, पडदा नसला तर कातडीच आधी खड्ड्यात उतरते. माझ्याच दंडातलं रक्त मशिनमधे फिरवून सायीसारखा पिवळट गोळा काढला होता, तो पण दाबून आत ठेवला. पावडर बऱ्याचदा गाईबैलाच्या हाडाची असते, हाड परत यावं म्हणून लावतात ते एमडोगेन नावाचं जेल डुकराच्या दातापासून बनतं, घरी चालणार नसेल तर आधीच विचारून घ्या.

वर्षानं एक्सरेत हाड दिसलं, नऊचे चार झाले. वरच्या दाढेला भिंतच नव्हती, तिथं नाही भरलं, पण खड्डा वाढायचा थांबला. अजून दर तीन महिन्यांनी सफाईला जाते, चुकवत नाही. इम्प्लांट नंतरही बसतो हो, पण आजार चालू असताना बसवला तर त्याच्याभोवतीचं हाड पण तसंच जाऊ शकतं.

ओपीडीला जाताना बहिणीचे जुने एक्सरे असतील तेवढे सोबत घ्या, हाड किती वेगानं गेलं ते त्यावरून नीट कळतं.