ब्रिटिशांच्या तोंडचं स्पेन आणि स्पॅनिशांच्या तोंडचे इंग्रज

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण अकरा वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या रेडिंगहून दक्षिण स्पेनमधल्या मालागाला निघाले तेव्हा मलाही जवळजवळ हेच ऐकवलं होतं. तुमची अडचण अशी की कंपनी लीड्सहून मालागाला पाठवतेय. लीड्सचे सहकारी म्हणतात, स्पॅनिश लोक आळशी, उद्धट, दुसऱ्याला बोलू न देणारे. मालागाच्या टीममधली एकजण हळूच म्हणाली, इंग्रज थंड, मनातलं कधी न सांगणारे, आणि सुट्टीवर आले की पिऊन रस्त्यावर लोळणारे. मग कोणाचं खरं धरायचं?

माझी आठ वर्षं इंग्लंडात गेली, अकरा इथे. मला विचाराल तर दोघंही जे बघतात ते खरंच असतं, फक्त चुकीच्या वेळी बघतात. २०२४ मध्ये स्पेनला सुमारे ९.४ कोटी परदेशी पर्यटक आले, आणि त्यांत सगळ्यांत जास्त ब्रिटिश, १.८ कोटींच्या वर. त्यातल्या बहुतेकांचा स्पॅनिश माणसाशी संबंध काय, तर भर ऑगस्टात आठ टेबलं एकटा सांभाळणारा वेटर. आणि स्पॅनिश माणसाला दिसतो तो आठवड्याच्या सुट्टीत सुटलेला इंग्रज. वरातीत नाचणाऱ्याकडे बघून तो ऑफिसात कसा वागत असेल हे ठरवावं, तशातली गत.

आता उद्धटपणाचं बघू, कारण तुम्हाला पहिल्या दिवशी खटकेल ते हेच. मालागात कॉफीला स्वतःची नावं आहेत. ‘मिताद’ म्हणजे अर्धी कॉफी अर्धं दूध, ‘सोम्ब्रा’ म्हणजे सावली, ‘नुबे’ म्हणजे ढग, म्हणजे दुधाला कॉफीचा नुसता वास. बारमध्ये माणूस शिरतो आणि काउंटरवर हात टेकून म्हणतो, ‘पोनमे उना नुबे’. शब्दशः ‘ठेव मला एक ढग’. प्लीज नाही, थँक्यू नाही. लीड्सच्या माणसाला हा हुकूम वाटतो. त्याच्याकडे साधा चहा मागायचा तरी ‘मला एक मिळू शकेल का, तुम्हाला त्रास नसेल तर’ अशी प्रस्तावना लागते. पण आपण टपरीवर काय म्हणतो? ‘एक कटिंग दे रे.’ त्या ‘रे’मध्ये सगळा आदर, ओळख, आपलेपणा आलेला असतो. इथे तेच काम स्वर करतो, आणि जोडीला ‘गुआपा’, ‘इहा’, ‘हेफे’ असली संबोधनं, म्हणजे सुंदरी, पोरी, साहेब. बँकेतली बाई मला ‘इहा’ म्हणते, मी तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी असूनही. सुरुवातीला मी इंग्लंडातल्या सवयीनं वाक्यागणिक ग्रासिआस म्हणायचे. शेवटी खालच्या बारवाल्यानं विचारलं, ‘काही चुकलं का माझं?’ घरी आईनं वाढलेल्या भाताला थँक्यू म्हटलं तर ती जशी बघेल, तसा त्याचा चेहरा होता.

ही गोष्ट मराठी माणसाला पटकन कळते, इंग्रजाला वर्षं लागतात. उलटी बाजू मात्र आपल्यालाही शिकावी लागते. रेडिंगच्या ऑफिसात माझ्या शेजारी स्पेनमधल्या मुर्सियाचा एक मुलगा बसायचा. त्यानं एक कल्पना मांडली. मॅनेजर म्हणाला, ‘इंटरेस्टिंग आहे. कधीतरी बघायला हवं.’ पोरगा खूष. तीन आठवडे संध्याकाळी थांबून त्यानं ते काम पुरं केलं. आम्हा बाकीच्यांना पहिल्याच मिनिटाला कळलं होतं की तो नकार आहे. इंग्रजी नकार असाच येतो, शालीत गुंडाळून. त्या मुलाच्या हिशोबात मॅनेजर खोटारडा ठरला. मॅनेजरच्या हिशोबात त्यानं चारचौघांत मुलाचा पाणउतारा टाळला होता. स्पॅनिशात याला ‘फ्लेमा’ म्हणतात, म्हणजे न ढळणारा थंडपणा, इंग्रजी फ्लेमा. त्यात थोडं कौतुकही असतं बरं का, ‘ब्रिटिश वक्तशीरपणा’ या त्यांच्या शब्दप्रयोगात असतं तसं.

कॉलवर सगळे एकदम बोलतात हे तुमचं निरीक्षण बरोबर. मंगळागौरीला जमलेल्या पाच मावश्या आठवा. कोणी कोणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही आणि तरी प्रत्येकीला प्रत्येकीचं सगळं कळलेलं असतं. इथे मधे बोलणं म्हणजे ‘ऐकतेय, पुढे बोल’. इंग्रज सभ्यपणे फटीची वाट बघत बसतो, ती फट काही येत नाही. कॉल संपल्यावर तो म्हणतो, मला बोलूच दिलं नाही. इकडे मालागात म्हणतात, हा बाबा अर्धा तास गप्प होता, याला कामात रस नाही दिसत. तुम्ही सरळ उडी मारा. कोणी रागावणार नाही.

रांगेचं एक सांगते, कारण त्यावरून मी स्वतः फसले होते. आरोग्य केंद्रात गेले तर रांगच नाही. कोणी बाकावर, कोणी भिंतीला टेकून, दोघी बाहेर गप्पा मारत. मी मनात म्हटलं, आला गोंधळ, आणि थेट दाराशी जाऊन उभी राहिले. सगळ्या खोलीनं माझ्याकडे बघितलं. पद्धत अशी की आत शिरताना विचारायचं, ‘एल उल्तिमो?’, म्हणजे शेवटचं कोण? कोणी हात वर करतं, तो माणूस लक्षात ठेवायचा आणि मग कुठेही बसा. तुमच्या मागून येणारा विचारेल तेव्हा हात वर करायची पाळी तुमची. मंडईत मासळीच्या गाळ्यावरही हेच. रांग असते, फक्त ती डोक्यात असते. इंग्रजाला रांग डोळ्यांना दिसावी लागते. आपल्याकडे डॉक्टरांच्या दवाखान्यात ‘तुमच्या आधी कोण?’ विचारून बसलेल्याला हे शिकवावं लागू नये, पण मी विसरले होते.

आळशीपणाचा आरोप मला सगळ्यांत जास्त खटकतो. इंग्रजी छापखान्यांत कामगारांच्या कामचुकार रिवाजांना ‘स्पॅनिश कस्टम्स’ असं नावच पडलं होतं, त्या छापखान्यांत एकही स्पॅनिश माणूस नसताना. ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेच्या आकडेवारीत माणशी वार्षिक कामाचे तास स्पेनचे ब्रिटनपेक्षा जास्तच भरतात. दुपारी रोज झोपणारा माणूस मला शहरात फारसा दिसला नाही. गावात, उन्हाळ्यात, म्हाताऱ्यांत, हो.

खरी गोम घड्याळात आहे. स्पेनचा बराचसा भाग ग्रिनिचच्या पश्चिमेला येतो, म्हणजे वेळ लंडनचीच असायला हवी. पण १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं एक तास पुढे करून मध्य युरोपाशी जुळवली गेली आणि ती परत मागे आलीच नाहीत. त्यात उन्हाळ्यात घड्याळ आणखी एक तास पुढे असतं, त्यामुळे जुलैत मालागात सूर्य डोक्यावर येतो दुपारी दोन-वीसच्या सुमारास, आणि जूनअखेर मावळतो रात्री साडेनऊनंतर. अडीचला जेवणारा माणूस सूर्याच्या हिशोबात बाराला जेवतोय. रात्री साडेनऊला रेस्टॉरंटात शिरणारा अजून उजेडात असतो. सातला जेवायला आलेला इंग्रज रिकाम्या हॉटेलात बसतो आणि घरी जाऊन सांगतो की तिथे अन्न चांगलं पण वातावरण नाही. मुलं रात्री अकराला चौकात फुटबॉल खेळतात हे बघून माझी रेडिंगची मैत्रीण हादरली होती, तिची सातला झोपतात. आणि इथली शेजारीण त्या सातच्या झोपेला ‘बिचारी पोरं’ म्हणाली.

छोटी दुकानं मात्र दुपारी खरंच बंद असतात, दोन ते पाच धरून चाला. उन्हाळ्यात बऱ्याच ऑफिसांत आठ ते तीन अशी सलग वेळ असते. तुमच्या करारात ती आहे का ते विचारून घ्या. आणि दुपारच्या जेवणानंतर टेबलावर रेंगाळणं, ज्याला ‘सोब्रेमेसा’ म्हणतात, ते चुकवू नका. मीटिंगमध्ये जे कळत नाही ते तिथे कळतं.

पिण्याबद्दल. इथे बिअर मागवली की ‘कान्या’ येते, जेमतेम २०० मिलीचा ग्लास, कारण मोठा ग्लास उन्हात गरम होतो. सोबत ऑलिव्ह, नाहीतर बशीभर काहीतरी. माणूस उभा असतो, खात असतो, अर्ध्या तासानं पुढच्या बारकडे सरकतो. इंग्लंडात पाइंट ५६८ मिलीचा, रिकाम्या पोटी, आणि वर राउंडची पद्धत, म्हणजे पाळीपाळीनं एकेकानं सगळ्यांसाठी मागवायचं. चौघं मित्र असले की चार राउंड होतात, कारण स्वतःची पाळी चुकवणं हे तिथे न फिटणारं पाप. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतलं काम सांभाळायला पबच्या वेळांवर निर्बंध आणले, आणि घंटा व्हायच्या आत भराभर प्यायची सवय पुढच्या पिढ्यांना लागली ती लागलीच. त्यात स्वस्त बिअर आणि ऊन मिळालं की मायोर्का बेटावरचं मागालुफ होतं, ब्रिटिश पर्यटकांच्या धिंगाण्यासाठी बदनाम झालेलं. हॉटेलच्या बाल्कनीतून पोहण्याच्या तलावात उडी मारण्याच्या प्रकाराला स्पॅनिशांनी ‘बाल्कनिंग’ असा इंग्रजी वाटणारा, पण इंग्रजीत नसलेला शब्द केलाय. दरवर्षी त्यात कोणीतरी जीव गमावतं, म्हणून त्यावर विनोद करवत नाही. सार्वजनिक ठिकाणी झिंगणं इथे लाजेचं मानतात आणि ती लाज बघणाऱ्यालाच वाटते. त्यासाठी शब्दही आहे, ‘बेर्गुएन्सा आखेना’, दुसऱ्याच्या वतीनं शरमणं.

अशा लालबुंद पर्यटकाला ‘गिरी’ म्हणतात, उच्चार आपल्या दादागिरीतला. शिवी नाही, लाडही नाही. सँडलमध्ये मोजे घालणारा तो गिरी. तुम्ही गिरी नसाल. तुम्हाला ‘इन्दू’ म्हणतील, तुमचा धर्म कुठलाही असला तरी, कारण ‘इन्दिओ’ हा शब्द कोलंबसानं अमेरिकेतल्या लोकांसाठी खर्चून टाकला. सिंधी का, असंही विचारतील. स्पेनच्या दक्षिण टोकाला ब्रिटनच्या ताब्यात असलेल्या जिब्राल्टरमध्ये सिंधी व्यापाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे, इथल्या लोकांचा भारतीयांशी पहिला परिचय बहुतेकदा तोच.

जिब्राल्टर हा विषय ऑफिसात तुम्ही काढू नका. १७०४ मध्ये जिंकलेला, १७१३ च्या तहात स्पेननं लिहून दिलेला हा खडक सात चौरस किलोमीटरांचाही नाही, पण लंडनहून आलेला माणूस तिथल्या माकडांचा फोटो दाखवून ‘आमचं’ म्हणाला की टेबलावर शांतता पसरते. १९६९ मध्ये फ्रँकोनं सरहद्द बंद केली ती पुरती उघडायला १९८५ उजाडलं. कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून नातेवाईक एकमेकांना ओरडून बातम्या सांगायचे, तान्ही बाळं उचलून दाखवायचे. माझ्या इमारतीतल्या एका आजोबांना ते आठवतं. इतिहास म्हणाल तर दोघांचे धडे वेगवेगळे. इंग्रज पोराला इंग्लंडवर चालून येऊन हरलेलं १५८८ चं स्पॅनिश आरमार पाठ असतं, पुढच्याच वर्षी त्यांचं स्वतःचं आरमार स्पेनहून हात हलवत परतलं हे नसतं. इथे लोक ब्लास दे लेसोचं नाव घेतात, एक पाय आणि एक डोळा गमावलेला, एक हात निकामी झालेला दर्यासारंग. त्यानं १७४१ मध्ये आताच्या कोलंबियातलं कार्ताहेना दे इंदियास इंग्रजांपासून राखलं, तोवर इंग्लंडात विजयाची पदकं पाडूनही झाली होती.

एवढं असून दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही. सेव्हियाच्या रस्त्यांवरची कडू संत्री तिथलं कोणी खात नाही. त्याच जातीची संत्री दर हिवाळ्यात ब्रिटनला जातात, मार्मलेडसाठी. स्पेनमधला सगळ्यांत जुना फुटबॉल क्लब उएल्वाचा, १८८९ चा, रिओ तिंतोच्या खाणींवर आलेल्या ब्रिटिशांमुळे सुरू झालेला, आणि प्रशिक्षकाला इथे अजून ‘मिस्तेर’ म्हणतात. २०१६ मध्ये जेमी ऑलिव्हर या ब्रिटिश शेफनं पाएया या भाताच्या पदार्थात चोरिसो, म्हणजे मसालेदार सॉसेज, घातलं तेव्हा अख्खा देश खवळला. मिसळीवर चीज किसलेलं बघून कोल्हापूरकर काय म्हणेल, तेच.

चहाची पत्ती सोबत आणा. दूध इथे बहुतेक ठिकाणी खोक्यातलं, उकळून टिकवलेलं मिळतं. त्याबद्दल इंग्रज रडतात, आणि या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे.

आणि कागदपत्रांवर सही करण्याआधी नाव तपासा. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, सहसा आधी वडिलांचं, मग आईचं, आणि हाक मारतात ती पहिल्यानं. त्यामुळे इंग्रजांचं मधलं नाव इथे हमखास आडनाव होऊन बसतं. आपलं तर विचारूच नका, मधे वडील असतात. माझ्या घराच्या करारापासून विजेच्या बिलापर्यंत दोन वर्षं मी सेन्योरा मधुकर होते. सगळं दुरुस्त करून झालं, तरी जिन्यातल्या आजी अजून तीच हाक मारतात. बाबांना फोनवर हे सांगितलं, तर ते इतके खूष झाले की आजींना दुरुस्त करायचं मी सोडून दिलं.