दिव्यांगांची यादी फलकावर लावली. पुढच्या सर्वेक्षणात आमचं मत चालेल का?

प्रश्न : ग्रामपंचायतीने ५ टक्के दिव्यांग निधीसाठी (स्वतःच्या उत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखलेल्या रकमेसाठी) सर्वेक्षण केलं, पण आम्हाला विचारलं नाही. नाव, आधार क्रमांक, अपंगत्वाचा प्रकार अशी सगळ्यांची यादी फलकावर लावली. सिकलसेल या रक्तविकाराचे दोघे त्यात नाहीत. पुढच्या वेळी निर्णयात वाटा मागता येईल का?

उत्तर : येईल. पण आधी ती यादी फलकावरून काढायला लावा. आधार कायद्याच्या कलम २९(४) नुसार आधार क्रमांक असा उघड लावता येत नाही. फलकाचा फोटो काढून ठेवा, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फोटो मात्र व्हॉट्सअॅपवर टाकू नका, तीच माहिती पुन्हा पसरेल. लाभार्थ्यांचा तपशील जाहीर करायला माहिती अधिकार कायदाच सांगतो, म्हणून ‘नावंच नकोत’ असा आग्रह टिकणार नाही. लाभ मिळालेल्याचं नाव, वस्तू, रक्कम एवढं पुरे. लाभ न मिळालेल्यांची नावं आणि कुणाचाही आजार फलकावर येण्याचं कारण नाही.

सिकलसेलचे दोघे बहुधा फॉर्ममुळेच गळले. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात २१ आहेत, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया धरून. जुन्या रकान्यांत रक्तविकाराला वेगळी जागा नसते. दोघांचे यूडीआयडीचे (दिव्यांगांच्या ओळखपत्राचे) अर्ज लगेच भरा.

आता वाट्याचं. हा अधिनियम राज्य सल्लागार मंडळ (कलम ६६) आणि जिल्हा समिती (कलम ७२) देतो. गावपातळीवर समिती देत नाही. म्हणून ग्रामसभेत ठराव हवा, आणि विषय कार्यसूचीवर यावा म्हणून आधीच लेखी द्या. ‘दिव्यांगांशी चर्चा करावी’ एवढंच लिहाल तर एक बैठक घेऊन विषय मिटवतील. मजकूर असा ठेवा : “सर्वेक्षणाचा फॉर्म, माहिती कोण पाहणार आणि काय जाहीर होणार, हे निम्मे सदस्य दिव्यांग किंवा त्यांचे पालक असलेल्या समितीच्या लेखी संमतीनेच ठरेल. कच्ची यादी प्रत्येकाला फक्त स्वतःची नोंद दाखवून दुरुस्त केली जाईल.” आधाराला संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराची कलमं ४(३) (निर्णयात दिव्यांगांचा सहभाग) आणि ३१ (माहिती गोळा करताना गोपनीयता) जोडा, भारताने तो २००७ मध्ये मान्य केला आहे.

टाळाटाळ झाली तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ८० खाली तक्रार करा. त्यांची शिफारस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. मात्र ती नाकारायची तर कार्यालयाला तीन महिन्यांत कारणं द्यावी लागतात, तुम्हालाही कळवावं लागतं. अर्जाची पोच आणि ठरावाची प्रत तेव्हा लागेल.